परीक्षा मामाची, फी मामीची

‘देव परीक्षा बघतोय गं तुझी.’ हे वाक्य आयुष्यात एकदाही ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, रिपोर्ट वाईट आला, की कुणीतरी खांद्यावर हात ठेवून हे म्हणतंच. यात धर्माचा काही भेद नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांची मात्र एक जादा अडचण आहे. आम्ही रोज प्रार्थनेत देवाला नेमकं उलटं सांगतो. बाबा रे, परीक्षेपर्यंत आम्हाला नेऊच नकोस.

येशूने शिष्यांना शिकवलेली जी ‘प्रभूची प्रार्थना’ आहे, तिच्यात ही विनंती येते. आधी रोजची भाकर मागायची, मग क्षमा, मग हे. मी नगरची. (आता अहिल्यानगर, पण जिभेवर अजून नगरच येतं.) संडे स्कूलमध्ये आम्ही ही प्रार्थना पाढ्यांसारखी घडाघडा म्हणायचो. आमच्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये इथे शब्द आहे ‘परीक्षा’. पुण्यात माझ्यासोबत राहणारी वसईची कॅथलिक मैत्रीण त्याच जागी ‘मोह’ म्हणते. यावरून एका रात्री मॅगी खाता खाता आमचा मस्त वाद झाला. बरोबर कोण? दोघीही. मूळ ग्रीक शब्द आहे ‘पैरास्मॉस’, आणि त्याच्या पोटात हे दोन्ही अर्थ आहेत.

गोची इथेच आहे. परीक्षा म्हटलं की ती घेणारा आला. मोह म्हटलं की खड्ड्यात ढकलणारा आला. मग देव नक्की कोण?

हा प्रश्न आम्हा दोघींनाच पडला होता असं नाही. फ्रान्समधल्या कॅथलिक चर्चने डिसेंबर २०१७ पासून प्रार्थनेतली ही ओळ बदलली. देवाने मोहात नेऊ नये, याऐवजी देवाने आम्हाला मोहात शिरू देऊ नये, असा अर्थ केला. त्याच महिन्यात पोप फ्रान्सिस एका इटालियन टीव्ही मुलाखतीत म्हणाले, की जुन्या भाषांतरातून चुकीचा अर्थ निघतो. पोरगं कसं पडतं ते बघायला बाप त्याला ढकलत नाही, तो उचलायला धावतो, असं त्यांचं म्हणणं. इटलीतल्या चर्चमध्येही २०२० च्या नोव्हेंबरअखेरीपासून नवी ओळ आली. म्हणजे दोन हजार वर्षं म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेतली एक ओळ लोकांना आजही टोचते.

बायबल यावर काय म्हणतं? नव्या करारातलं याकोबाचं पत्र उघडा, पहिलाच अध्याय. देव कुणालाही मोहात पाडत नाही, माणसाची स्वतःचीच इच्छा त्याला ओढून नेते, असं याकोब स्वच्छ सांगतो. चला, देव सुटला! पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला तो म्हणतो, की संकटं आणि कसोट्या आल्या तर आनंद माना, त्यातून माणूस टिकाऊ होतो. मूळ शब्द तोच. म्हणजे देव ढकलत नाही, पण खड्डा बुजवतही नाही. का?

माझ्यासाठी हा प्रश्न संडे स्कूलचा राहिलेला नाही. तो माझ्या मामाचा आहे. (त्याच्या आणि मामीच्या परवानगीने लिहितेय, नावं मुद्दाम देत नाही.)

मामा नगरच्या एमआयडीसीत फिटर. चर्चच्या गायनात त्याचा आवाज सगळ्यात वरचा. आणि दारू. आधी शनिवारी, मग रोज, मग सकाळीसुद्धा. सुटायचं म्हणून त्याने काय नाही केलं? उपास केले, गुडघे टेकून रडला, रात्रभराच्या प्रार्थनासभांना बसला. घाणेरड्यातली घाणेरडी गोष्ट म्हणजे तो खोटं रडत नव्हता. त्याला खरंच सोडायची होती. आणि तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय तिकडेच वळायचे. मी तेव्हा कॉलेजात. मला एकच कळायचं नाही. देव आहे, त्याला जमतं, हा माणूस मनापासून मागतोय. मग तो याची तहान काढून का टाकत नाही?

यावरची रेडिमेड उत्तरं मला पाठ आहेत. नंबर एक, सोनं आगीतूनच शुद्ध होतं. नंबर दोन, देवाने माणसाला रोबो केलं नाही. ‘नाही’ म्हणायची सोयच नसेल, तर ‘हो’ला काय किंमत? हे दुसरं मला पटतं. ज्याला सोडून जाताच येत नाही त्याचं प्रेम म्हणजे बॉण्ड भरून घेतलेली नोकरी. पण नंबर तीन, देव आपली परीक्षा घेऊन बघतो, हे जरा तपासून बघायला हवं. देव काय एचआर आहे? वर्षाअखेरीला अ‍ॅप्रेझल करून रेटिंग देणारा? ज्याला सगळं आधीच माहीत आहे, त्याला निकाल कळण्यासाठी पेपर काढायची गरजच काय?

संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांना हा प्रश्न पडला होता. त्यांचं उत्तर असं, की देव परीक्षा घेऊन जाणून घेतो असं जिथे लिहिलंय, तिथे त्याचा अर्थ, तो आपल्याला जाणवून देतो. निकाल त्याच्यासाठी नसतोच, आपल्यासाठी असतो. आपण आत खरे कशाचे भुकेले आहोत हे आपल्याला एरवी कळत नाही. मोह समोर आला की कळतं.

म्हणूनच मला मत्तयच्या चौथ्या अध्यायातली रानातली गोष्ट आवडते. येशू चाळीस दिवस उपाशी आहे. (ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात, तो याचीच आठवण. आमच्या ओळखीतली तरुण मंडळी हल्ली त्या दिवसांत चहा, चॉकलेट किंवा इन्स्टाग्राम सोडतात. छोट्या गोष्टीला ‘नाही’ म्हणायची नेट प्रॅक्टिस.) तर सैतान येतो आणि तीन ऑफर्स देतो. दगडांच्या भाकरी कर. मंदिराच्या टोकावरून उडी मार, देवदूत झेलतील. माझ्या पाया पड, जगातली सगळी राज्यं तुझी. गंमत बघा, पहिल्या ऑफरमध्ये वाईट काय आहे? भुकेल्याने भाकरी खाणं हे पाप कधीपासून झालं? आणि दुसऱ्या ऑफरला तर सैतान चक्क शास्त्रवचनाचा दाखला देतो. मोह कधी शिंगं लावून येत नाही. तो तुमच्या खऱ्या गरजेचे कपडे घालून येतो, आणि बोलतो अगदी समजूतदारपणे.

हे मी स्वतः बघितलंय. दीड वर्षापूर्वी एका पीआर एजन्सीकडून मला काम आलं. एका गृहप्रकल्पावर ‘फीचर’ लिहायचं. जाहिरात म्हणून नाही, बातमी म्हणून. माझं नाव, माझा फोटो. पैसे? तीन महिन्यांचं घरभाडं सुटेल एवढे. फोनवरची मुलगी गोड होती. म्हणाली, सगळेच करतात मॅम. मी नाही म्हटलं. पण त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. भाडं दोघीत वाटलेलं, अडलं तर आईचं घर आहे, डोक्यावर कुणाचं कर्ज नाही. माझं ‘नाही’ स्वस्तात पडलं. दोन पोरं आणि होम लोन असलेल्या एखाद्या पत्रकाराला तोच फोन आला असता, तर त्याचा पेपर माझ्यापेक्षा कितीतरी अवघड होता. तेव्हापासून कुणी मोहाला बळी पडलं म्हणून नाक मुरडताना मी जरा थांबते.

आणि इथे मामी येते.

मामी दवाखान्यात नर्स. मामाच्या त्या वर्षांत तिने डबल ड्युट्या केल्या, पाटल्या मोडल्या, पोरांच्या शाळेची फी भरली, शेजाऱ्यांना तोंड दिलं. तेव्हाचे एक पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, सहन करा बाई, देव परीक्षा घेतोय. मामी म्हणाली, ‘परीक्षा ह्यांची चाललीये, फी मात्र मी भरतेय.’ आणि दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन तिने श्रीरामपूरची एसटी पकडली. माहेरी. सहा महिने.

तिच्या त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे तयार उत्तर आहे त्याचा मला भरवसा वाटत नाही. एकाच्या मोहाची किंमत दुसऱ्याने मोजायची, हे कुठल्याही ‘सोनं आगीत शुद्ध होतं’मध्ये बसत नाही. एवढं मात्र मला कळतं, की पाळकसाहेबांनी वचन अर्धवटच वाचलं होतं. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात असं आहे, की देव तुमच्या ताकदीपलीकडे परीक्षा होऊ देणार नाही. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण वाक्य तिथे संपत नाही. परीक्षेबरोबर तो बाहेर पडायची वाटही ठेवतो, असं पुढे आहे. मामीची वाट श्रीरामपूरच्या एसटीने गेली. ती वाट विश्वास सोडण्याची होती असं तिला कधी वाटलं नाही.

मामाची वाटही त्यातूनच निघाली. रिकामं घर बघून तो हबकला. कंपनीतला एक सहकारी त्याला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला घेऊन गेला. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरत सुरू केलेली ही संघटना. तिथे कुणी प्रवचन देत नाही. जो कालपर्यंत पडत होता तोच आज शेजारी बसतो, आणि सगळे एकच हिशेब करतात. फक्त आजचा दिवस. २०१४ च्या पावसाळ्यापासून मामाने दारूला हात लावलेला नाही.

पण तहान? ती गेली नाही. हे मी त्याला एकदा सरळ विचारलं. तो म्हणाला, ‘अगं, पौलाची कुठं गेली?’ करिंथकरांच्याच दुसऱ्या पत्रात पौल सांगतो, की त्याच्या देहात एक काटा होता. कसला, ते तो सांगत नाही. तो काढून टाक म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. उत्तर एवढंच मिळालं, की माझी कृपा तुला पुरेल. ‘पुरते,’ मामा म्हणाला. ‘एका दिवसाची एका दिवसाला पुरते. साठवता येत नाही.’

एमआयडीसीतून घरी यायच्या सरळ रस्त्यावर त्याची जुनी परमिट रूम लागते. म्हणून मामा मंडईकडून वळसा घालून येतो. दोन किलोमीटर जास्त. इतक्या वर्षांनंतरही. मागे एका तरुण प्रचारकाने त्याला सुनावलं, की विश्वास पक्का असेल तर त्या रस्त्याने बिनधास्त जा, देव सांभाळेल. मामा हसला. म्हणाला, ‘मंदिरावरून उडी मार असं तोही म्हणाला होता येशूला.’

त्या दिवशी मला प्रार्थनेतल्या त्या विनंतीचा अर्थ लागला. मोहातून माणूस घडत असेलही. पण म्हणून तो मागायचा नसतो, स्वतःला आजमावायला शोधत जायचा तर नसतोच. येशूने रानात नेमकं तेच नाकारलं. देवाची परीक्षा बघणं. आपण किती स्ट्रॉंग आहोत हे दाखवायची खाज हाच मोठा मोह. शिष्यांमध्ये पेत्राला ती होती. सगळे पळाले तरी मी पळणार नाही, असं तो छातीठोक म्हणाला आणि त्याच रात्री तीनदा म्हणाला, या माणसाला मी ओळखत नाही. पण लूकच्या शुभवर्तमानात येशू त्याला हे आधीच सांगतो, आणि वर म्हणतो, तुझ्यासाठी मी प्रार्थना केलीये, तू सावरलास की तुझ्या भावांना आधार दे. पडणार हे माहीत असूनही काम काढून घेतलं नाही. उलट पडून उठलेल्यालाच ते काम दिलं.

मामा दर शनिवारी मीटिंगला जातो, आता नव्याने आलेल्यांच्या शेजारी बसायला. हात थरथरणाऱ्या पोरांना चहाचा कप अर्धाच भरून देतो, सांडू नये म्हणून. हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही.

मामीचा हिशेब याने मिटला का? नाही. पाटल्या परत आल्या नाहीत, आणि ती वर्षंही. ती परत आली ती स्वतःच्या अटींवर. पगार तिच्या खात्यात, आणि पहिला घोट दिसला की श्रीरामपूर. देव का परवानगी देतो या प्रश्नाचं तिचं उत्तर एकदम प्रॅक्टिकल आहे. ‘ते त्याला विचारीन वर गेल्यावर. इथं असताना शेजारच्या घरात काय चाललंय तेवढं बघते.’ गल्लीतल्या दोन बायकांना तिने अशाच वेळी आपल्या घरी ठेवून घेतलंय.

एक छोटी गोष्ट व्याकरणाची. पौलाने करिंथच्या लोकांना ‘तुम्ही’ म्हटलंय, ते आदरार्थी नाही, अनेकवचनी आहे. तो अख्ख्या मंडळीशी बोलतोय. प्रभूच्या प्रार्थनेतही ‘मला’ कुठेच नाही, सगळीकडे ‘आम्हाला’ आहे. एकट्याच्या ताकदीपलीकडे परीक्षा जात नाही, असं कुणीच म्हटलेलं नाही. ती जाते, रोज जाते, आपण बघतो. वचन आहे ते सगळ्यांच्या मिळून असलेल्या ताकदीचं. त्यामुळे पुढच्या वेळी कुणाच्या खांद्यावर हात ठेवून ‘देव परीक्षा बघतोय’ म्हणावंसं वाटलं, तर म्हणू नका. हात मात्र तिथेच राहू द्या. बाहेर पडायची वाट बहुतेक वेळा तीच असते.