दोन कदम

आमचे अब्बा पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. आजच्या मुलांना ट्रेसर म्हणजे काय ते सांगावे लागते. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर किंवा ट्रेसिंग कापड ताणून बसवायचे आणि खालची प्रत्येक रेघ शाईने वर उतरवायची, एवढेच त्यांचे काम. त्यावरून मग अमोनिया प्रिंट निघत. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याला त्या अमोनियाचा वास असे. अम्मी म्हणायची, "तुमारे अब्बा आने के पहले उनका वास आता."

आम्ही दोघे भाऊ त्यांच्या टेबलाशेजारी बसून पाहत असू. रेघ चुकली तर ते ब्लेडच्या टोकाने शाई अलगद खरवडून काढत. पण त्यांची रेघ चुकत नसे. ते सांगत, "बेटा, अपने मन की एक भी रेघ डालनी नहीं. जो नीचे है वोच ऊपर. नकल अमानत है." तेव्हा आम्हांला त्यात काही विशेष वाटले नाही. दुसऱ्याच्या रेघांवर रेघा ओढण्यात आयुष्य घालवणे आम्हांला कमीपणाचे वाटे, हे आज कबूल करायला हरकत नाही.

पण नशीब असे की आम्हीही तेच काम करू लागलो. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि मिरजेत एका गाळ्यात दोन संगणक मांडून बसलो. ट्रेसिंग कापड गेले, शाई गेली, अमोनियाचा वास गेला. आता लोक पीडीएफ फाइल घेऊन येतात आणि म्हणतात, "याचे कॅडमध्ये करून द्या." म्हणजे पुन्हा ट्रेसिंगच! आपल्यापैकी अनेकांची मुले आता या धंद्यात आहेत, म्हणून त्यातले थोडे सांगतो.

सगळ्या पीडीएफ दिसायला सारख्या, पण आतून दोन जातींच्या असतात. एका जातीत खरोखरच्या रेघा असतात. कुणीतरी संगणकावर नकाशा काढून थेट पीडीएफ केलेली असते. दुसऱ्या जातीत नुसते चित्र असते. कागद स्कॅन करून पीडीएफच्या पाकिटात घातलेला. ओळखायची युक्ती सोपी आहे. फाइल उघडून एखादी रेघ खूप मोठी करून पाहायची. कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ राहिली तर ती खरी रेघ. तिचे चौकोनी ठिपके दिसू लागले तर ते चित्र.

पहिल्या जातीचे काम आता सोपे झाले आहे. ऑटोकॅडच्या 2010 च्या आवृत्तीपासून पीडीएफ नकाशाखाली अंथरता येऊ लागली, आणि 2017 च्या आवृत्तीपासून तिच्यातल्या रेघा सरळ आत आणता येतात. ज्यांना ते परवडत नाही त्यांना इंकस्केपसारख्या फुकट प्रोग्राममधून डीएक्सएफ फाइल काढता येते. तरी आयते काहीच मिळत नाही. पीडीएफमध्ये वर्तुळ नावाची वस्तूच नसते. सहसा चार वक्र तुकडे जोडून ते भासवलेले असते. तुटक रेघेचे शंभर सुटे तुकडे होऊन येतात. काही अक्षरे अक्षर म्हणून न येता काड्यांचा ढीग म्हणून येतात. ते सगळे निवडत बसावे लागते, तांदळातले खडे निवडावेत तसे.

दुसऱ्या जातीत, म्हणजे स्कॅनच्या चित्रात, संगणकाला आपोआप रेघा काढायला सांगता येते. पण तो बहुधा शाईच्या पट्ट्याची कड पकडतो. त्यामुळे एका रेघेच्या दोन होतात, आणि कागदावरचा चहाचा डागही इमानेइतबारे नकाशात उतरतो. म्हणून आम्ही ते चित्र खाली ठेवतो, फिके करतो, हलणार नाही असे बांधून टाकतो आणि वर हाताने रेघा ओढतो. अब्बा करत तेच. फक्त त्यांच्या हातात पेन होते, आमच्या हातात माऊस.

आता 2018 सालची गोष्ट.

आमच्या मोहल्ल्याच्या कब्रस्तानाला भिंत घालायची होती. पश्चिमेकडचे हद्दीचे दगड जागेवर होते. पूर्वेकडचे कधी गेले ते कुणाला माहीत नव्हते. बाभळीचे कुंपण होते तेही मोडले होते. ट्रस्टकडे एक जुना नकाशा होता. त्याची पीडीएफ आमच्याकडे आली. भिंत, मधली वाट, पाण्याची टाकी आणि कबरींच्या रांगा दाखवून नवा नकाशा करून द्यायचा होता. पैसे अर्थातच घ्यायचे नव्हते. अब्बा 2011 मध्ये गेले, ते तिथेच आहेत.

फाइल दुसऱ्या जातीची होती. बाजूंची मापे पुसट झाली होती, पण कोपऱ्यात स्पष्ट लिहिले होते, 1 इंच म्हणजे 20 फूट. आम्ही चित्र 240 पट मोठे केले, हद्द ओढली, मापे टाकली. लांबी 115 फुटांच्या थोडी वर आली, रुंदी जवळपास 77 फूट. सुबक नकाशा झाला. ट्रस्टच्या लोकांनी वाहवा केली. त्यावरून गवंड्याने आखणीची तयारी केली.

खुंट्या ठोकायच्या दिवशी आम्ही टेप घेऊन गेलो. पश्चिमेच्या दगडापासून मोजत नेऊन पूर्वेची खुंटी ठोकली. कबरी खोदणारे चाचा लांबून पाहत होते. त्यांना लिहितावाचता येत नाही. चाळीस वर्षे त्या जमिनीत त्यांचे हात आहेत. ते जवळ आले.

"ये खुंटी काय की?"

"हद्दीची, चाचा."

"हद्द तो आगे है. पत्थर से मेरे अडतालीस कदम. ये तो छेचालीसच हुए."

आम्ही हसलो. त्यांना म्हटले, चाचा, हा कॉम्प्युटरचा नकाशा आहे. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त खुंटीच्या पलीकडे बोट दाखवले. शेवटच्या रांगेतली एक कबर खुंटीच्या बाहेर राहत होती. ती अब्बांची होती.

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहायचेही धाडस करू शकलो नाही. अब्बांसाठी फातिहा पढायला इतक्या वेळा तिथे आलो होतो, आणि नकाशा काढताना ती जागा आमच्या ध्यानात आली नव्हती. आम्ही फक्त पडदा पाहिला होता.

दुपारी दुकानात येऊन फाइल पुन्हा उघडली. नकाशाच्या खाली, डागाखाली अर्धी झाकलेली, एक मापपट्टी होती. शून्य ते 100 फूट. ती पट्टी 5 इंच भरायला हवी होती. भरली 4.8 इंच. मग ट्रस्टकडे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मूळ नकाशा स्कॅन करून आधी कागदावर छापला होता आणि तो छापलेला कागद पुन्हा स्कॅन करून आम्हांला दिला होता. छापताना प्रिंटरने पानात बसावा म्हणून नकाशा थोडा लहान केला. चित्र आकसले, पण त्यावरचे "1 इंच म्हणजे 20 फूट" हे शब्द तसेच राहिले. शब्द आकसत नाहीत. म्हणूनच ते फसवतात.

पट्टीवरून माप लावले आणि नकाशा 120 फूट बाय 80 फूट निघाला. 120 फूट म्हणजे अडीच फुटांचे बरोबर अठ्ठेचाळीस कदम. शंभराला चारची चूक, ऐकायला किती लहान! पण लांबीही घटते आणि रुंदीही, त्यामुळे क्षेत्र शंभराला जवळपास आठने घटते. इथे ते 750 चौरस फुटांच्या वर गेले. एका कबरीला आजूबाजूच्या जागेसह 7 बाय 4 फूट धरले तर सव्वीस कबरींची जागा. सव्वीस माणसांना आम्ही कागदावरून उठवले होते, आणि त्यांतले एक आमचे अब्बा होते.

खरी परीक्षा पुढे होती. फाइल दुरुस्त करायला पाच मिनिटे लागली असती. "सुधारित नकाशा" असे लिहून पाठवले असते तर कुणी काही विचारलेही नसते. आमच्यापैकी एकाने तसे सुचवलेही. कोणी ते सांगत नाही, कारण दुसऱ्याच्या मनातही तेच होते. रात्री अम्मीला सगळे सांगितले. ती इतकेच म्हणाली, "तुमारे अब्बा खरोचते थे, छुपाते नहीं थे."

जुम्म्याच्या नमाजनंतर ट्रस्टच्या लोकांसमोर आम्ही सांगितले की चूक आमची आहे. प्रिंटर लहान करतो हे आमच्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असायला हवे. पट्टी तपासायला हवी होती. आणि हेही सांगितले की आमचा नकाशा फक्त आखणीसाठी आहे. हद्द ठरवणे आमचे काम नव्हे, ते भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीचे. भिंत त्यानंतरच घाला. काहींनी नाराजी दाखवली. एकाने टोमणा मारला, "फुकट का काम ऐसाच होता." आम्ही ऐकून घेतले. चाचा मागे उभे होते. ते काही बोलले नाहीत. जाताना आमच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

त्या दिवसापासून आमच्या दुकानात एक शिस्त आहे. कुठलीही फाइल आली की आधी तिच्यात एक अशी लांबी शोधायची जिच्याबद्दल खात्री आहे. मापपट्टी असेल, एखादे लिहिलेले माप असेल, जागेवर उभी असलेली भिंत असेल. तिच्या दोन टोकांवर बोट ठेवून संगणकाला सांगायचे, हे इतके आहे, बाकीचे त्यावरून बसव. मग दुसरे एक माप आडवे तपासायचे, कारण जुना कागद दोन्ही दिशांनी सारखा आकसत नाही. काटकोनी चौकटीचे दोन कर्ण सारखे भरतात का पाहायचे. आणि जमले तर जागेवर जाऊन तिथल्या सर्वांत जुन्या माणसाशी बोलायचे.

दुकानात शिकायला येणारी मुले विचारतात, हे शेवटचे कशाला? आम्ही त्यांना म्हणतो, नकाशात दोन कदम हरवले तर ते संगणकाला कळत नाही. ज्याने ती जमीन चालून पाहिली आहे, त्यालाच कळते.