हरण्याची घाई

मल्लेश्वरमातील एका लहानशा बुद्धिबळ-क्लबात आम्ही दर शनिवारी जातो. तेथे नामांकित कोणी नाही. निवृत्त कारकून, शिक्षक, एवढाच आमचा मेळा. गेल्या महिन्यात एका धारवाडकर स्नेह्यांशी झालेला डाव आम्ही हरलो. खरे म्हणजे सोडला. पटावर त्यांचा पांढरा राजा, त्याच्या पाठीशी एक प्यादे, आणि मध्ये एक घर सोडून समोर आमचा एकाकी राजा, एवढेच उरले होते. उगाच लांबण लावण्यापेक्षा उमदेपणाने हात पुढे करावा, असे आम्हांस वाटले.

कलकत्त्यात १८५० च्या दशकात बॅरिस्टर जॉन कॉक्रेन याने महेशचंद्र बॅनर्जींशी खेळलेले डाव टिपून ठेवले, म्हणून त्या बंगाली खेळाडूची कीर्ती टिकली. आमच्या डावांस असले भाग्य कोठले? तरी टिपण्याची खोड आहे. रविवारी स्नेही घरी आले, तेव्हा वही उघडून तीच स्थिती पुन्हा मांडली.

पाहतो तो खेळी पांढऱ्याची! आमची असती, तर आमच्या राजास बाजूस सरावे लागून डाव खरोखरच गेला असता. आता मात्र त्यांचा राजा जिकडे वळे, तिकडे आमचाही समोर उभा राही. प्यादे अंगावर आले की आमचा राजा सरळ मागे सरे. अखेर प्यादे सातव्या पट्टीत पोचले, त्यास राखावयास त्यांचा राजा मागे आला, आणि आमच्या राजास शह नसूनही हलावयास घर उरले नाही. डाव बरोबरीत!

"आपण उठलात, तेव्हा मलाही जिंकल्यासारखेच वाटले हो," स्नेही ओशाळून म्हणाले.

त्या रात्री आम्हांस झोप लागेना. आमच्या घरी भरणारा मुलांचा मराठी वर्ग आम्ही जूनमध्ये बंद केला होता. आठांची दोन मुले उरली, तेव्हा कोणी न सांगताच आम्ही फळा भिंतीवरून उतरविला. तोही उमदेपणाच वाटला होता.

सकाळी त्यांतील एका मुलीच्या आईस दूरध्वनी केला. त्या म्हणाल्या, "तिची वही दप्तरात अजून तशीच आहे, काका. आम्हांला वाटले, तुम्हीच दमलात."

खेळी कोणाची, हे तेथेही आम्ही पाहिले नव्हते.