आसवाचें बूच

औषध करणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तें नीट ठेवणेंही महत्त्वाचें आहे. परंतु आमच्या घरांतून पहिल्या गोष्टीची जेवढी चर्चा होते, तेवढी दुसरीची होत नाहीं. द्राक्षासवाचेंच पाहा. मनुका कोणत्या घ्याव्या, धायटीचीं फुलें किती घालावीं, याविषयीं वडीलधारीं माणसें प्रहर प्रहर बोलतील. आणि तयार झालेलें आसव मात्र सरबताच्या जुन्या बाटलींत ओतून फडताळांत ठेवून देतील!

येथें शहागडास, गोदाकाठीं, आमचें एकत्र कुटुंब आहे. मातोश्री नव्वदीस टेकल्या. जेवणानंतर त्यांनीं दोन चमचे द्राक्षासव तितक्याच पाण्यांतून घ्यावें, अशी वैद्यांची आज्ञा असल्यामुळें दर हिंवाळ्यांत एक बुधला भरला जातो. यंदा पुतण्यानें पुण्याहून कळविलें कीं, "काका, परदेशांत घरीं द्राक्षांचें मद्य करणारे लोक बुचें बसविण्याचें दट्ट्याचें यंत्र वापरतात, तें घेऊन पाठवूं काय?" सूनबाईंचें मत, "घरांत चिनी मातीच्या बरण्या आहेत, त्या काय वाईट?" निवाडा अर्थातच मजकडे आला.

आसव म्हणजे द्राक्षरसाचें नुसतें सरबत नव्हे. शार्ङ्गधरानें न उकळलेल्या द्रव्यांपासून झालें तें आसव व काढ्यापासून झालें तें अरिष्ट, असा भेद सांगितला आहे; पण दोहोंतही आंबण्यानें मद्यार्क आपोआप उत्पन्न होतोच. हें पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें. कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत मद्यावर कडक नियंत्रण घातलें, तरी गृहस्थांस औषधाकरितां अरिष्ट करण्याची मोकळीक ठेविली. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही चालू आहे, आणि औषधाचें नांव पुढें करून मद्य गाळणें त्यास मान्य नाहीं. म्हणून मात्रा वैद्यांच्या सांगण्यापलीकडे जाऊं नये, आणि मुलांचा हात फडताळापर्यंत पोहोंचूं नये.

आतां पुतण्याच्या यंत्राकडे वळूं. बूच ही एका ओक वृक्षाची साल आहे. पोर्तुगालांत ती साधारण नऊ नऊ वर्षांनीं सोलून काढितात. सुमारें २४ मिलिमीटर जाडीचें बूच दाबून, १८-१९ मिलिमीटरांच्या तोंडांत हें यंत्र घुसवितें. अशी बाटली आडवी ठेवावी लागते, नाहींतर बूच सुकून आकसतें. वर्षानुवर्षें न उघडावयाच्या मद्यास ही युक्ति उत्तम. परंतु मातोश्रींची बाटली दिवसांतून दोनदां उघडावयाची! तेथें फिरकीचें झांकणच योग्य. बरणीचा दोष निराळा. तिचें तोंड रुंद, त्यामुळें प्रत्येक वेळीं वारा शिरतो आणि आसव आंबट होऊं लागतें. पाश्चरनें १८६६ सालच्या आपल्या ग्रंथांत द्राक्षमद्यावरील हवेच्या परिणामाचें विवेचन केलेलें आहे. तांब्यापितळेचीं भांडीं तर नकोतच. द्राक्षांच्या आम्लानें आसव कळकतें.

पण बाटली व झांकण यांहूनही मोठा प्रश्न आहे तो बंद करण्याच्या वेळेचा. आंबण्याच्या क्रियेंत, सोडावॉटरांत फसफसतो तोच, कर्बाम्ल वायु निघतो. एका लिटरांत अवघी चार ग्रॅम साखर आंबावयाची राहिली, तरी बंद बाटलींतील दाब सुमारें एका वातावरणानें वाढतो. सोड्याची गोटीची बाटली इतकी जाड कां, हें यावरून ध्यानांत येईल. सरबताची पातळ बाटली हा भार सोसत नाहीं. त्यांत आमच्या मराठवाड्याची हवा! पौषांतील थंडीनें मंदावलेलें संधान चैत्राच्या उन्हानें पुन्हां जागें होतें. आमच्या एका आप्तांकडे असेंच भर दुपारीं फडताळांत बाटली फुटली. सुदैवानें मुलें ओसरीवर होतीं. पण काचा दोन दिवस सांपडत होत्या.

म्हणून जुनी परीक्षा सोडूं नये. बुधल्याच्या मुखाशीं जळती काडी न्यावी. विझली तर वायु अजून आहे. कान लावावा, सूक्ष्म ध्वनि ऐकूं आला तर थांबावें. याच्या जोडीस, दूध तपासण्याच्या कांडीसारखी, पण साखरेच्या द्रवासाठीं केलेली हायड्रोमीटराची कांडी मिळते. आठ आठ दिवसांच्या अंतरानें तीनदां तिचा आंकडा तोच आला, म्हणजे जुन्या परीक्षेस नवी साक्ष मिळाली.

मीं पुतण्यास लिहिलें कीं, यंत्र नको. ती कांडी, एक रबरी नळी, पोलादी नरसाळें आणि फिरकीच्या झांकणाच्या, तपकिरी काचेच्या दोन डझन लहान बाटल्या पाठीव. लहान अशासाठीं, कीं उघडलेली लौकर संपावी; तपकिरी अशासाठीं, कीं उजेड आंत कमी जावा. बाटल्या थंड पाण्यांत ठेवून हळुहळू उकळाव्या व पूर्ण वाळवाव्या. नळीनें वरचें निवळ आसव तेवढें उतरवून घ्यावें, गाळ हलवूं नये. मानेपर्यंत भरून अंगुळभर जागा सोडावी, आणि पहिले पंधरा दिवस झांकण किंचित् सैल ठेवावें. प्रत्येक बाटलीवर औषधाचें नांव, भरल्याची तिथि आणि मात्रा ठळक अक्षरांत लिहिण्याचें काम मीं स्वतःकडे ठेविलें आहे. फडताळाची किल्ली सूनबाईंकडे आहे.