४३ ला ८

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपच्या अ‍ॅक्सलमध्ये क्राउनला, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला, ३९ दाते आणि प्रॉपेलर शाफ्टच्या टोकावरच्या छोट्या पिनियनला ८. शाफ्टचे ४.८८ फेरे झाले की चाकाचा एक. १९४५ साली तीच जीप शेतकऱ्याला विकायची ठरली, तेव्हा तिच्या सीजे-२ए या आवृत्तीत दाते झाले ४३ ला ८, म्हणजे ५.३८. इंजिन जवळपास जुनंच राहिलं. नांगर ओढायचा जोर अ‍ॅक्सलमधून काढला. १९४७ पासून मुंबईत महिंद्राने विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि जीपचा अ‍ॅक्सल इथल्या मिस्त्र्यांच्या हाती आला.

४.८८ चं ५.३८ केल्याने चाकावरचा जोर साधारण दहा टक्के वाढला, आणि त्याची किंमतही तेवढीच मोजावी लागली. १६ इंची रिमवरच्या मूळ टायरवर, टॉप गियरमध्ये ताशी ६० किलोमीटरला ४.८८ च्या जीपचं इंजिन मिनिटाला सुमारे २,१५० फेरे घेतं, ५.३८ ला २,४०० च्या आसपास. घाटात सुख, हायवेवर घरघर आणि डिझेल-पेट्रोलचा खर्च. अ‍ॅक्सल ताकद निर्माण करत नाही. वेग देतो आणि त्याच्या बदल्यात ओढ घेतो.

४३ आणि ८ यांना एकाहून मोठा सामाईक भाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. ४० ला ८ ठेवले असते, तर पिनियनचा एक दाता क्राउनच्या त्याच पाच दात्यांवर जन्मभर घासत राहिला असता.

खरी कारागिरी मात्र हाऊसिंग उघडल्यावर दिसते. मिस्त्री क्राउनच्या दोन-चार दात्यांना रंग लावतो, क्राउन हाताने फिरवतो आणि ठसा वाचतो. ठसा दात्याच्या मुळाशी उतरला तर पिनियन फार आत गेलंय, टोकाकडे चढला तर बाहेर राहिलंय. मग कागदाएवढ्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, काढायच्या, घालायच्या, पुन्हा रंग, पुन्हा ठसा. शेवटी डायल गेजवर दात्यांमधली ढिलाई बघायची. मिलिमीटरच्या पाव भागाच्या आत ती बसवावी लागते. घाई केली की गाडी रस्त्यावर सांगते: अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एक सूर, सोडला की दुसरा. कान तयार असलेला माणूस त्यावरूनच कोणत्या बाजूने दाते घासताहेत ते ओळखतो.

क्राउनच्या पोटात डिफरन्शियल बसलेलं असतं. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने १८२८ साली वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. त्यासाठी जास्त फिरायची सवलत डिफरन्शियल देतं. पण ते दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटतं. एक चाक चिखलात गेलं की त्याला लागतो तेवढाच क्षुल्लक जोर दुसऱ्यालाही मिळतो. चिखलातलं चाक क्राउनच्या दुप्पट वेगाने गरगरतं, कोरड्यावरचं जागचं हलत नाही. महिंद्राच्या २०२० च्या थारमध्ये काही आवृत्त्यांना मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल दिलं गेलं. दोन चाकांच्या वेगात फार फरक पडला की ते दोन्ही एकत्र बांधून टाकतं.

जुनी जीप फोर-व्हीलला टाकताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पुढचा ४.८८ आणि मागचा ५.३८ असा बेमेल अ‍ॅक्सल कुणी बसवला असेल, तर डांबरावर दोन्ही एकमेकांशी झगडतात आणि टायर घासत जातात. म्हणून चांगला मिस्त्री जुन्या बाजारातून आलेल्या अ‍ॅक्सलचे दाते स्वतः मोजतो, पाटीवर विश्वास ठेवत नाही.

टायर बदलतानाही हाच हिशोब लागतो. मूळच्या सुमारे साडेअठ्ठावीस इंच व्यासाऐवजी कुणी ३१ इंची टायर चढवले, तर ५.३८ चा अ‍ॅक्सल ४.९५ च्या आसपास वागू लागतो. शेतकऱ्यासाठी मिळवलेला जोर जवळजवळ सगळा निघून जातो. मग गिऱ्हाईक म्हणतं, ‘इंजिन थकलंय.’ अशा वेळी मिस्त्रीने इंजिनला हात लावण्याआधी विचारावं : टायर कोणता, माल किती, आणि घाट रोज चढायचा आहे की वर्षातून दोनदा?