सोनकीचं दार

सोनकी भाद्रपदात जन्मली, आमच्या पडवीतल्या गोणपाटांच्या ढिगात. त्या दिवसांत हरिश्चंद्रगडाच्या बाजूची पठारं सोनकीच्या फुलांनी पिवळी होतात. पिलाच्या पांढऱ्या अंगावर तसाच पिवळा डाग होता आणि डाव्या कानावरून डोळ्यापर्यंत उतरलेला एक काळा. तात्यांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पाहताक्षणी सांगितलं, "तिरंगी हाय, म्हंजी भाटीच." तात्यांचं हे निरीक्षण पिढ्यांचं आहे आणि ते खरं आहे. मांजराच्या अंगावर काळा येणार की पिवळा, हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. दोन्ही रंग एकत्र यायला दोन एक्स लागतात, म्हणून तिरंगी बोका अगदी क्वचित जन्मतो. नाव मात्र मी ठेवलं, डोंगरावरच्या फुलांवरून.

आमचं गाव अकोले तालुक्यात, प्रवरेच्या काठाला. वरच्या अंगाला, राजूर-भंडारदऱ्याकडे, भात पिकतो. खाली आमच्याकडे ऊस. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि प्रवरेचं खोरं हळूहळू बारमाही हिरवं झालं. ऊस म्हणजे माणसाला पीक, पण उंदराला घर, घुशीला घर, डुकराला घर. आणि या सगळ्यांच्या मागोमाग आलेल्या बिबट्यालाही घरच. उसातच त्याची पिलं होतात. आमच्या लोकांना तो नवा नाही. पश्चिमेकडच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर वाघोबाची ठाणी आहेत, आणि दिवाळीच्या तोंडाला आपण जिला वसुबारस म्हणतो, ती तिथे वाघबारस म्हणून पाळतात.

सोनकीची आई अशीच गेली. अगस्ती कारखान्याची तोड सुरू होती, शेजारचा फड निम्मा रिकामा झाला होता. आडोसा कमी झाला की बिबट्या वस्तीकडे जास्त दिसू लागतो. सकाळी शेवग्याखाली थोडे केस आणि चिखलात तळव्याचे ठसे, एवढंच होतं. पिलू चार महिन्यांचं झालं नव्हतं. त्या दिवशी ते दिवसभर माझ्या ओच्यात होतं.

त्यानंतर काही वर्षांनी मला एक अभ्यास वाचायला मिळाला आणि आमच्या परसातली ती सकाळ मला नीट कळली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्याच अकोल्याच्या शिवारात कॅमेरे लावले होते. जंगल म्हणावं असं तिथे काही नाही, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात. तरी शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच मोठे बिबटे आणि तेवढेच तरस असल्याचा अंदाज निघाला. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी बिबट्याच्या विष्ठेतून त्याचं खाणं शोधलं. वजनाच्या हिशेबात ८७ टक्के भाग पाळीव किंवा गावातल्या जनावरांचा निघाला. त्यात कुत्री ३९ टक्के, आणि दुसऱ्या क्रमांकावर मांजरं, १५ टक्के. शेळ्या मात्र अकराच. शिवारात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरीही.

ही शेवटची गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. शेळी का वाचते? ती चपळ नाही, हुशारही फार नाही. ती वाचते कारण दिवेलागणीला कुणीतरी तिला आत घेतं आणि कूड लावतं. गाईला गोठा आहे, कोंबडीला खुराडं आहे. मेंढपाळ उघड्या रानात बसतात तरी मेंढरांभोवती जाळी लावतात. कुत्रं आणि मांजर यांना आपण घरचं म्हणतो, आणि रात्री कडी लावताना ती बाहेर आहेत की आत, हे बघत नाही.

सोनकीच्या बाबतीत बघणारं माणूस होतं, ते म्हणजे तात्या. रात्री ती मागच्या दाराशी येऊन नखं ओढायची. आवाज बारीक, पण तात्यांची झोप त्याहून बारीक. ते उठायचे, काठी शोधायचे, अडसर काढायचे. ती आत यायची, तास-दीड तासाने पुन्हा बाहेर जायला उभी. मांजर संध्याकाळी आणि पहाटे सर्वांत जास्त जागं असतं. उंदीरही तेव्हाच फिरतात, त्याला ती काय करणार? तात्यांचे गुडघे दुखायला लागले होते. आठवड्यातून काही रात्री वीज उशिरा यायची, तेव्हा माझे यजमान दारे धरायला शेतात असत आणि घरात उठायला तात्या आणि मीच. एकदा पावसाचा आवाज इतका होता की कुणालाच काही ऐकू आलं नाही. उजाडल्यावर ती मोरीच्या पत्र्यावर अंग चोरून बसलेली दिसली, पूर्ण भिजलेली. तात्या तिला पंच्याने पुसत होते आणि काही बोलत नव्हते. त्याच दिवशी मी दाराचा विषय काढला.

तात्यांना ते पटलं नाही. मागचं दार सागाचं, त्यांच्या वडलांनी केलेलं. "दाराला भोक पाडत नसत्यात, सूनबाई. घरातली लक्ष्मी जाती." मी वाद घातला नाही. मी फक्त म्हटलं, "तात्या, तिनं रात्री यायचं कुठून?" ते दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी स्वतःच सुतारमामांना बोलावून घेऊन आले.

सुतारमामांनी आयुष्यात पुष्कळ दारं केली होती, बैलगाडीची जोखडं केली होती, पण असलं काम पहिलंच. दाराकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "बाई, हे कुणी करतं का?" मी त्यांना इंग्लंडातल्या एक्सेटर गावच्या कॅथेड्रलची गोष्ट सांगितली. तिथल्या जुन्या घड्याळाखालच्या दाराला आजही मांजराचं गोल भोक आहे. घड्याळाच्या दोरांना चरबी लावत, ती खायला उंदीर येत, असं सांगतात. बिशपच्या मांजरासाठी ते भोक पाडल्याबद्दल १५९८ साली सुतारांना आठ पेन्स दिल्याची नोंद कॅथेड्रलच्या हिशेबात आहे. मामांनी ऐकून घेतलं, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "मग त्या सुतारानं माप कशावरून घेतलं आसंल?"

प्रश्न अगदी योग्य होता. सगळं मापावरच असतं. मांजराच्या गळपट्टीची हाडं आपल्यासारखी खांद्याला घट्ट जोडलेली नसतात; ती स्नायूंत सुटी असतात. म्हणून डोकं जिथून जातं तिथून खांदेही जातात. आणि डोकं जाईल का, हे ती मिशांनी आधी अजमावते. आम्ही पुठ्ठ्याला भोकं पाडून बघितली. लहान भोकापाशी सोनकीने मिशा टेकवल्या आणि मागे सरली. सहा इंच रुंद आणि सात इंच उंच भोकातून ती न थांबता गेली. जमिनीपासून उंची तिच्या पोटाएवढी ठेवायची, म्हणजे पाय फार उचलावा लागत नाही आणि अंगणातलं पाणीही आत येत नाही. मामांनी दाराच्या खालच्या फळीवर खूण केली, गिरमिटाने चार कोपऱ्यांना भोकं पाडली आणि बारीक करवतीने चौकट कापली. निघालेला सागाचा तुकडा तात्यांनी देवघराच्या फडताळात ठेवला. तो अजून तिथेच आहे.

झडपेसाठी मी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणला होता, तालुक्याच्या गावी पाट्या करणाऱ्याकडून. लाकडाची झडप दिसायला बरी दिसली असती. पण आमच्या भागात मांजराने बाहेर पाऊल टाकण्याआधी बाहेरचं दिसायला हवं, यावर मी ठाम होते, आणि पुढे सोनकीने ते माझ्याहून चांगलं सिद्ध केलं. तात्यांना काळजी मण्यारीची. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि कित्येकदा चावल्याचं त्याला कळतही नाही. फट राहून चालणार नव्हतं. फ्रिजच्या दाराच्या रबरात चुंबकाची पट्टी असते. मामांनी भंगारातल्या एका दाराचं रबर आणून झडपेच्या तीन कडांना लावलं आणि चौकटीला लोखंडी पट्टी ठोकली. झडप आता सैल लटकत नव्हती, टक् करून बसत होती. बाहेरच्या अंगाला एक लाकडी खिटी. ती आडवी फिरवली की झडप बाहेर उघडत नाही, आत मात्र उघडते. म्हणजे मांजराला यायला वाट, जायला नाही. दिवे लागले की खिटी आडवी, उजाडलं की उभी. हा आमच्या घरचा नियम ठरला. बिबट्याचं डोकं तिथून येणं शक्य नव्हतं, पण पंजा येऊ शकला असता. म्हणून तिचं अंथरूण दारापासून लांब, चुलीच्या कोपऱ्यात हलवलं.

परदेशात आता मांजराच्या कातडीखालची चिप ओळखून उघडणाऱ्या झडपा मिळतात. दुसऱ्याचं मांजर आलं तर त्या उघडत नाहीत. आमच्याकडे परक्या बोक्याला सोनकीचा पंजाच पुरेसा होता.

सोनकीला झडप शिकवायला घाई केली नाही. पहिले काही दिवस ती दोरीने वर बांधून ठेवली, म्हणजे नुसतं भोक. पलीकडे सुकटाची वाटी. मग दोरी थोडी सैल, झडप अर्धी खाली. शेवटी पूर्ण. चुंबकाचा टक् आवाज झाला की ती दचकायची, म्हणून काही दिवस चुंबकावर कागद चिकटवला. तिने आधी पंजाने ढकलून पाहिलं, मग नाकाने, मग कपाळाने. कपाळाने जमलं. त्या संध्याकाळी ती काहीही काम नसताना आत-बाहेर करत राहिली आणि तात्या जेवण सोडून बघत बसले.

नंतर तिची एक सवय झाली, जी मी कधी विसरणार नाही. बाहेर जाण्याआधी ती झडपेपुढे बसायची, शेपूट पायांभोवती, आणि अ‍ॅक्रिलिकमधून बाहेर बघायची. कान पुढे, मग एक कान बाजूला. कधी पाच मिनिटं, कधी त्याहून जास्त. काही वेळा ती उठून माघारी फिरायची. तिला काय दिसलं, काय ऐकू आलं, हे आम्हाला कळायचं नाही. पण ती माघारी फिरली की तात्या गोठ्याकडे जाऊन कूड तपासून येत. सहसा गावातली कुत्रीही थोड्या वेळाने एकदम गप्प होत.

खिटीचा नियम तिने वर्षभरात मोडून काढला. झडप बाहेर ढकलली जात नाही हे कळल्यावर तिने खालच्या कडेत नख घालून ती आत ओढायला सुरुवात केली आणि उघडलेल्या फटीत डोकं घातलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मामांनी आतूनही एक खिटी बसवली, पण ती लावायची तर आधी सोनकी घरात आहे याची खात्री करायची. म्हणजे माणसाने रोज संध्याकाळी मांजर मोजायचं, शेळी मोजतो तसं. मला ते बरोबर वाटलं आणि आजही वाटतं. नुसती झडप लावून जबाबदारी संपत नाही.

तरी एका हिवाळ्यात ती अंधार पडला तरी आली नव्हती. आतली खिटी उघडीच ठेवली होती. मध्यरात्रीनंतर झडप इतक्या जोरात आपटली की आम्ही सगळेच उठलो. सोनकी चुलीजवळ, अंग दुप्पट फुगलेलं, आवाज नाही. बाहेर कुणीतरी जड पावलांनी परसातली पाचट तुडवत होतं. तात्यांनी थाळी वाजवली, यजमानांनी खिडकीतून बॅटरी मारली. पाचटीचा आवाज उसाकडे सरकत गेला. सकाळी ठसे मोरीपर्यंत आले होते, दारापासून दोन हातांवर. त्या दिवसानंतर तात्यांनी दाराच्या भोकाबद्दल आणि लक्ष्मीबद्दल कधी एक शब्द काढला नाही. उलट शेजाऱ्यांना ते स्वतः झडप उघडून दाखवत.

बिबट्याविषयी माझ्या मनात राग नाही, पण मी त्याचं कौतुकही करत बसणार नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला २००९ साली विहिरीतून काढलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडल्यावर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, त्याच्यावर सिनेमाही निघाला. तो प्रवास थोरच. पण जिल्ह्यात लेकरंही गेली आहेत, आणि त्या घरांपुढे कौतुकाचा शब्द काढवत नाही. मला एवढंच कळतं की तो इथून जाणार नाही. तेव्हा रात्री कोण कुठे आहे, हे बघण्याचं काम आपलं.

सोनकीला एकदा पिलं झाली, नंतर आम्ही तिची शस्त्रक्रिया करून घेतली. चार पिलांतली तीन चांगल्या घरी गेली. उरलेल्या तेरडीला सोनकीने झडप शिकवली ती उंदीर तोंडात धरून. आत यायची, पिलाला दाखवायची, पुन्हा बाहेर जायची. आमच्यापेक्षा लवकर शिकवलं.

ती तेरा वर्षं जगली. बिबट्याच्या मुलखात बाहेर फिरणाऱ्या मांजरासाठी हे मोठं आयुष्य आहे. शेवटच्या वर्षी तिचे मागचे पाय धरले, झडपेची उंची तिला जड जाऊ लागली. तात्यांनी दोन्ही बाजूंना एकेक वीट ठेवली आणि वर पोत्याचा तुकडा अंथरला. मूत्रपिंडं निकामी होत गेली. श्रावणात एका दुपारी ती चुलीच्या कोपऱ्यातच गेली. शेवग्याखाली पुरली.

पुढे घर नव्याने बांधलं. गवंडी म्हणाला, मागच्या बाजूला लोखंडी दार टाका, सुरक्षित. तात्यांनी ऐकलं नाही; जुनं सागाचं दार झडपेसकट नव्या चौकटीत बसलं. विटाही तिथेच आल्या. तेरडी अजून धडधाकट आहे, तिला विटेची गरज नाही, केर काढताना मला आतली वीट आडवी येते. एकदा मी उचलून बाजूला ठेवली, तर तात्यांनी वाकून पुन्हा जागच्या जागी सरकवली. "राहू दे गं," म्हणाले, "ही बी म्हातारी होईलच की."