आईचं माहेरचं आडनाव

2014 सालच्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. शिक्षक पात्रता परीक्षा तोंडावर आली होती. ही परीक्षा महाराष्ट्रात 2013 पासून सुरू झाली आणि बी.एड. करून तुटपुंज्या मानधनावर शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांची झोप उडाली. पात्र ठरलो तर पुढे काही आशा, नाही तर आहे तेच. मी वरूडच्या एका नेट कॅफेत अर्ज भरला होता. तिथल्या मुलानं माझ्या बायोडाटावरचा ई-मेल पत्ता पाहिला आणि तोच अर्जात टाकला. नोंदणी क्रमांक त्या मेलवर गेला. आणि त्या मेलचा पासवर्ड काही केल्या मला आठवेना.

ते खातं मी 2009 मध्ये अमरावतीला बी.एड. करताना उघडलं होतं. नंतर निकाह झाला, दोन बाळंतपणं झाली, शाळा लागली. मेल पाठवणारं कोणी नव्हतं आणि वाट पाहावी असंही कोणी नव्हतं. पाढा विसरलेल्या मुलांना वर्गात उभं करणारी मी, त्या दिवशी कॅफेतल्या खुर्चीवर खाली मान घालून बसले होते.

"जुना पासवर्ड काढून दे ना, बेटा," मी त्या मुलाला म्हटलं.

"मॅडम, जुना कोणीच सांगू शकत नाही. नवीनच करावा लागते."

तो म्हणाला ते खरंच होतं, हे मला पुढे समजलं. नीट चालणाऱ्या यंत्रणेत आपला पासवर्ड आपण लिहिला तसा कुठेच जपलेला नसतो. गणिताच्या एका रीतीनं त्याचा आकड्या-अक्षरांचा भुगा करून तो भुगाच ठेवतात. भुग्यावरून मूळ शब्द परत काढता येत नाही. म्हणून विसरणाऱ्याला जुनी किल्ली मिळत नाही. तो खरा मालक आहे अशी खात्री पटवावी लागते, मग नवी किल्ली मिळते.

त्या काळी खात्री पटवण्याची एक सोपी पद्धत होती. खातं उघडताना एखाद्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्यायचे आणि अडचणीच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा विचारायचे. पडद्यावर इंग्रजीत माझा प्रश्न आला : तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?

मला हसू आलं. एवढंच ना! मी लिहिलं, मन्सुरी. उत्तर चूक. स्पेलिंग चुकलं असेल म्हणून एका 'यू'च्या जागी दोन 'ओ' घातले. पुन्हा चूक. मुलगा म्हणाला, "मॅडम, आता एकच चान्स आहे. चुकलं तर चोवीस तास खातं बंद." मी उठले, वीस रुपये दिले आणि शेंदूरजनाघाटची जीप पकडली.

वाटेत मनात आलं, हा प्रश्न मुळात आमच्यासाठी नव्हताच. आमच्या वऱ्हाडात मुसलमान बाईला आडनाव असतं कुठे? नावापुढे 'बी' लागतं आणि त्यापुढे आधी बापाचं, मग नवऱ्याचं नाव. 'शेख' हा शब्दसुद्धा एका कागदावर पूर्ण असतो आणि दुसऱ्यावर नुसतं 'एस. के.' म्हणून उरतो. खरं तर आपल्या दीनमध्ये बाई निकाहनंतरही आपल्या बापाचीच बेटी म्हणून ओळखली जाते. हजरत खदीजा या शेवटपर्यंत बिन्ते खुवैलिद, हजरत आयेशा बिन्ते अबू बक्र. पण आमच्या मोहल्ल्यात बाई निकाह होऊन आली, की ती अमक्याची घरवाली आणि वर्षभरानं तमक्याची अम्मी.

घरी न जाता मी आधी अम्मीकडे गेले. माझं सासर-माहेर एकाच गावात, मध्ये दोन गल्ल्या. आमच्या गावात संत्र्याच्या रोपवाटिका पुष्कळ. अब्बा आयुष्यभर त्यांत कलमा बांधत आले. अम्मी अंगणात बसून संत्री निवडत होती.

"अम्मी, तुमारे मायके का नाम क्या?"

"मेरे मायके का नाम? किसको होना?"

"कंप्यूटर को होना."

अम्मी इतकं हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "मन्सुरी तो अब हुए हम. पहले कौन बोलता था मन्सुरी? सब पिंजारीच बोलते थे."

मग तिनं नानांबद्दल सांगितलं. मोर्शीकडच्या एका खेड्यात त्यांचं घर. थंडी पडायच्या आधी नाना खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव निघायचे. कोणाच्या अंगणात बसून जुन्या गाद्या उसवायच्या, तारेच्या झंकारावर कापूस मोकळा करायचा, नव्यानं रजया भरायच्या. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवरही कापूस बसलेला असायचा. अख्ख्या गावाला ऊब देऊन ते स्वतः मात्र रात्रभर खोकत बसायचे. लोक हाक मारायचे, "ए पिंजाऱ्या." मामा शिकले, नोकरीला लागले, तेव्हा घरातून ते नाव गेलं. माझ्या रिश्त्याची बोलणी झाली तेव्हाही सासरच्यांना मन्सुरी एवढंच सांगितलं होतं.

"छुपाया क्यों, अम्मी?"

"छुपाया कहाँ? किसी ने पूछाच नहीं. संत्रा बिकता, जंबेरी का नाम कौन पूछता?"

आमच्या गावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात. जमिनीत मुळं जंबेरीची, बाजारात नाव संत्र्याचं.

आणि तिथेच मला 2009 ची ती दुपार आठवली. शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीनं आपलं उत्तर मोठ्यानं वाचून टाईप केलं होतं. मी मात्र विचार केला, हे गुपित आहे, कोणाला सुचणार नाही असं काही लिहावं. आमच्या घरात जे कोणाला सांगायचं नव्हतं तेच मी लिहिलं. पुढच्या पाच वर्षांत 'मन्सुरी, मन्सुरी' म्हणायची मला इतकी सवय झाली, की गुपित कोणतं होतं तेच विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफे उघडायच्या आधी मी दारात उभी होते. पी, आय, एन, जे, ए, आर, आय. सात अक्षरं. खातं उघडलं. नोंदणी क्रमांक मिळाला, हॉल तिकीट निघालं. त्या खेपेला मी पात्र ठरले नाही, पुढच्या खेपेला ठरले. संध्याकाळी अम्मीनं एवढंच विचारलं, "खुला क्या?"

मी म्हटलं, "तुमारे अब्बा के नाम से खुला."

पुढे या विषयावर मिळेल ते वाचत गेले. आईच्या माहेरच्या नावावरून माणूस ओळखण्याची पद्धत संगणकाच्या किती तरी आधीची आहे. 1906 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या एका बँकवाल्यानं भाषणात सांगितलं होतं, की त्यांची बँक नव्या खातेदाराकडून सहीबरोबर आईचं माहेरचं नावही लिहून घेते. 2015 मध्ये गूगलच्या संशोधकांनी अशा प्रश्नांची तपासणी केली. अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांना वेळेवर आपलंच उत्तर आठवलं नव्हतं. 'पहिल्या शिक्षकाचं नाव काय' या प्रश्नावर अरबी बोलणाऱ्यांचं उत्तर परक्या माणसालाही दहा प्रयत्नांत 24 टक्के वेळा ओळखता येईल, असं त्यांना दिसलं. थोडक्यात, मालक विसरतो आणि चोराला सुचतं. म्हणून आता बहुतेक ठिकाणी हे प्रश्न मागे पडले आणि मोबाईलवर ओटीपी येऊ लागला. ओटीपीला आपली आई कोण, नाना कोण, याच्याशी काही घेणं नाही.

पण मला त्या जुन्या प्रश्नानं स्वस्थ बसू दिलं नाही. मी उर्दू शिकवते. उर्दूच्या किती तरी शायरांनी मन्सूर हल्लाजचं नाव मोठ्या अदबीनं घेतलं आहे. 922 साली बगदादमध्ये ज्यांना मृत्युदंड दिला ते सूफी. आमच्या लोकांनी मन्सुरी हे नाव त्यांच्यावरूनच घेतलं. पण 'हल्लाज' या अरबी शब्दाचा अर्थ काय? कापूस पिंजणारा. म्हणजे पिंजारीच! वर्गात ज्या नावाचा अर्थ मी अभिमानानं सांगते, तोच शब्द मराठीत आला की आम्ही आवाज खाली करतो. इस्लाममध्ये जात नाही असं आपण मंचावरून सांगतो आणि रिश्ता आला की आधी बिरादरी विचारतो. ओबीसीचा दाखला काढायला तहसीलमध्ये पिंजारी आणि मंगनीच्या बैठकीत मन्सुरी, हे आमच्याच घरात झालं. दुसऱ्या कोणाला काय बोलू?

2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ठरवलं, की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहायचं. चांगलं झालं. पण त्या आईच्या मागे कोण होतं, तिचा बाप काय काम करून तिला वाढवत होता, हे कोणत्याच रकान्यात मावणार नाही. ते आपणच सांगायला पाहिजे.

गेल्या वर्षी मुलीनं शाळेच्या वहीसाठी विचारलं, "अम्मी, नानी के अब्बा क्या करते थे?" सासूबाई तिथेच बसल्या होत्या. मी तिला पिंजण कसं असतं ते काढून दाखवलं आणि म्हटलं, "लिख, पिंजारी थे. रजइयाँ भरते थे." सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हमारे घर की पुरानी रजई भी कोई पिंजारीच भर के गया होगा."

माझ्या त्या खात्यातून तो प्रश्न मी आता काढून टाकला आहे आणि मोबाईल नंबर जोडला आहे. म्हणून उत्तर इथे लिहिलं तरी खात्याला धोका नाही. घरातही ते आता लपवायचं राहिलेलं नाही.