पणजोबांची तलवार

खंडेनवमीला आमच्याकडे दोन पूजा असतात. सातपूर एमआयडीसीतल्या बाबांच्या वर्कशॉपमध्ये लेथची, आणि घरी पणजोबांच्या तलवारीची. पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये हवालदार होते. हीच बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी लढली. १९४५ साली जपानने शरणागती पत्करल्यावर ते घरी आले, ते ही तलवार घेऊनच. 'सामुराईची आहे', असं आजी सांगते. मीही शाळेत तेच सांगून भरपूर भाव खाल्ला आहे!

यंदा पूजा झाल्यावर बाबा म्हणाले, "हिचा काही कागद नाही. पोलिसांत जमा करून मोकळं होऊ." आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात, सरकारने अधिसूचित केलेल्या भागात ९ इंचांहून लांब पात्याच्या तलवारीला परवाना लागतो. पुरावस्तू म्हणावी तर १०० वर्षं भरायला हवीत. आजी काही बोलली नाही, पण त्या रात्री जेवलीही नाही.

मग मी जपानी लोक काय करतात ते शोधायला बसले. १९४५ नंतर अमेरिकन सैन्याने तिथल्या घराघरांतून तलवारी गोळा केल्या. पुढे कलावस्तू म्हणून काही ठेवायला परवानगी मिळाली आणि १९५० पासून नोंदणी सुरू झाली. सध्याचा कायदा १९५८ चा. गंमत म्हणजे नोंदणी पोलीस करत नाहीत, प्रांताचं शिक्षण मंडळ करतं! (आपल्याकडे शिक्षण मंडळ म्हटलं की दहावीचा निकालच आठवतो.) लांबी, वाक, मुठीतल्या खिळीची भोकं, कारागिराचं नाव असं सगळं कार्डावर लिहितात. कार्ड माणसाचं नसतं, तलवारीचं असतं. ती विकली की कार्डही तिच्याबरोबर जातं आणि नव्या मालकाने २० दिवसांत कळवायचं.

पण नोंद होते ती फक्त हाताने घडवलेल्या, मातीचा लेप देऊन पाणी दिलेल्या पात्याची. युद्धकाळात कारखान्यात यंत्रावर काढलेल्या तलवारींची नोंदच होत नाही, त्या नष्ट कराव्या लागतात. मात्र काही अधिकाऱ्यांनी घराण्यातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवून घेतलं होतं. म्हटलं, आपलीही तशीच निघाली तर?

रविवारी बाबांनी ती वर्कबेंचवर ठेवली. मुठीवरचा दोरा म्हणजे नुसतं रंगवलेलं नक्षीकाम, खाली ओतीव ॲल्युमिनियम. बांबूची खिळी नाही, स्क्रू. आणि पात्यावर ठोकलेला अनुक्रमांक. १९३५ साली जपानी लष्कराने हवालदार दर्जाच्या सैनिकांसाठी काढलेला, कारखान्यातला नमुना! बाबा बराच वेळ त्या आकड्यावरून बोट फिरवत होते. त्यांच्या जॉबवरही ते असेच नंबर ठोकतात.

आजीला सांगायची हिंमत मलाच करावी लागली. ती म्हणाली, "म्हणजे हवालदाराचीच ना? मग हवालदाराच्याच घरात आली. तिकडे असती तर वितळवली असती, आणि तुम्हीपण तेच करायला निघालात?"

शेवटी ठरलं की जमा करायची नाही, रीतसर परवाना मागायचा. अर्ज मी लिहिते आहे. 'शस्त्राचे वर्णन' या रकान्यात लांबी लिहिली, अनुक्रमांक लिहिला. आजी शेजारी बसून सारखी विचारते आहे, "त्यांचं नाव घातलंस का गं?"